कावेरीकाठची मराठी पणजी

श्राद्धाच्या संकल्पात घरातील स्त्रियांची नावे तीन पिढ्यांपर्यंत घेतली जातात. माता, पितामही आणि प्रपितामही. माता वसुरूपाने, आजी रुद्ररूपाने आणि पणजी आदित्यरूपाने पिंड घेते, अशी श्रद्धा आहे. पणजीच्या पुढे नाव नाही. पुढची पिढी श्राद्धाला बसली की आजची पणजी यादीतून गळते आणि तिच्या जागी तिची सून येते. कुटुंबाच्या स्मरणाची ही धर्मशास्त्राने आखलेली हद्द आहे, आणि तिच्या अगदी काठावर पणजी उभी असते. कुंभकोणमजवळच्या कावेरीच्या घाटांवर तमिळ आडी महिन्याच्या आणि महालयाच्या अमावास्येला ही नावे आजही उच्चारली जातात. त्यांत तमिळ नावांच्या जोडीने 'बाई' असा शेवट असलेली नावेही ऐकू येतात. ती मराठी घरांतील पणज्यांची.

तंजावर प्रांतात मराठी बोलणारी घरे आली ती मुख्यतः भोसल्यांच्या राज्याबरोबर. शहाजीराजांचे पुत्र व्यंकोजी ऊर्फ एकोजी यांनी १६७५-७६ मध्ये तंजावर घेतले आणि १८५५ पर्यंत त्यांच्या वंशाची गादी तेथे टिकली. मागोमाग सरदार, शिलेदार, कारकून, पुराणिक, वैद्य, कीर्तनकार असे सगळेच आले. देशस्थ ब्राह्मणांची वस्ती तंजावर आणि कुंभकोणम या दोन गावांत विशेष दाट झाली. त्यांच्यात माध्वही होते आणि स्मार्तही. माध्वांना कुंभकोणमला विजयींद्रतीर्थांचे वृंदावन जवळ होते, तर स्मार्तांना त्याच गावात असलेला कामकोटी पीठाचा मठ. या लोकांना तमिळ शेजारी 'रायर' म्हणत, म्हणजे राव. घरातली बाई बाहेर कितीही अस्खलित तमिळ बोलत असली, तरी चुलीपुढे आणि देवघरात मराठीच बोलत असे. तीनशे वर्षे ही भाषा टिकली त्याचे श्रेय दरबाराइतकेच, किंबहुना अधिक, या स्वयंपाकघरांना द्यावे लागते. दरबार गेला त्यालाही आता दीडशेहून अधिक वर्षे झाली.

तंजावरहून कुंभकोणमकडे जाणाऱ्या पॅसेंजर गाडीला अय्यमपेट, पापनाशम, सुंदरपेरुमाळकोविल ही स्थानके लागतात आणि मग स्वामीमलै येते. दोन्ही बाजूंना भाताची शेते, मध्ये नारळीच्या रांगा, दर थोड्या अंतराने एखादा कालवा. पानवेलीचे मळेही याच पट्ट्यात. कुंभकोणमच्या विड्याच्या पानाची ख्याती तमिळनाडूभर आहे. स्वामीमलैच्या नावात 'मलै' म्हणजे डोंगर असला तरी या सपाट प्रदेशात डोंगर कुठेच नाही. मंदिरासाठी दगड रचून उंचवटा केला आहे आणि त्यावर चढायला साठ पायऱ्या आहेत. साठ संवत्सरांची ही साठ प्रतीके मानली जातात आणि प्रत्येक पायरीला एकेका संवत्सराचे नाव आहे. प्रभव, विभव, शुक्ल ही नावे मराठी पंचांगात वाढलेल्या माणसाला पाठ असतात. त्यामुळे परक्या मुलखातला हा जिना चढताना आपल्याच घरचे पंचांग उलटल्यासारखे वाटते. साठ वर्षांचे चक्र म्हणजे ढोबळमानाने नात आणि आजी यांच्यातले अंतर. पणजीपर्यंत पोचायला हा जिना दुसऱ्यांदा चढायला लागावे लागेल.

वर मुरुगन आहे, म्हणजे आपला कार्तिकेय. तमिळ देशात त्याची जी सहा मुख्य ठाणी मानतात त्यांतले हे एक. प्रणवाचा अर्थ ब्रह्मदेवाला सांगता आला नाही म्हणून बालकार्तिकेयाने त्याला बंदीत टाकले. मग तो अर्थ सांगण्याची पाळी कार्तिकेयावर आली तेव्हा शंकर शिष्य होऊन पुत्रापुढे बसले, अशी येथील कथा. म्हणून देवाचे नाव स्वामिनाथ. बापाने मुलाकडून शिकण्याची ही कथा या जिल्ह्यात इतकी रुजली आहे की स्वामिनाथ हे नाव येथे घरोघर सापडते. तमिळ संगम ग्रंथांचे उद्धारक उ. वे. स्वामिनाथ अय्यर कुंभकोणमच्या सरकारी कॉलेजात शिकवत होते, आणि कृषिशास्त्रज्ञ एम. एस. स्वामिनाथन यांचा जन्म १९२५ साली कुंभकोणमलाच झाला. देवापुढे मोराऐवजी हत्ती आहे. खाली मीनाक्षी आणि सुंदरेश्वर.

महाराष्ट्रातून आलेल्या स्त्रीच्या दृष्टीने या देवळात एक गोष्ट फार मोठी आहे. महाराष्ट्रात कार्तिकस्वामींचे दर्शन बायकांनी घेऊ नये अशी रूढी आहे. पुण्याच्या पर्वतीवरच्या कार्तिकेयाच्या देवळातही ती पाळली जात आली. कृत्तिका नक्षत्रावरची कार्तिकी पौर्णिमा मात्र अपवाद, त्या दिवशी बायकांच्या रांगा लागतात. स्वामीमलैला तसे काही नाही. येथे मुरुगन वल्ली आणि देवसेना या दोन पत्नींसह नांदतो. कृत्तिकेच्या दिवशी, तैपूसम आणि पंगुनी उत्तिरम या सणांना स्त्रिया दुधाचे कलश घेऊन पायऱ्या चढतात, लेकीसुनांसाठी नवस बोलतात, बाळांचे जावळ काढतात. देशावर ज्याच्याकडे पाहायचीही बंदी होती तो देव कावेरीकाठी बायकांचा कैवारी निघाला. स्थलांतराने स्त्रियांचे पुष्कळ काही हिरावले, हे खरे. पण येथे त्यांना एक देऊळ उघडे मिळाले, हेही नोंदवले पाहिजे.

स्वामीमलैची दुसरी ओळख धातूच्या मूर्तींची. चोळांच्या काळापासून चालत आलेली मूर्ती ओतण्याची विद्या येथील स्थपतींच्या घराण्यांनी आजवर सांभाळली आहे, आणि स्वामीमलैच्या ब्राँझ मूर्तींना भौगोलिक मानांकनही मिळाले आहे. गावाच्या रस्त्याने चालताना कानस आणि छिन्नीचा आवाज घराघरांतून येतो. काम पाहू इच्छिणाऱ्याला बहुतेक कार्यशाळांत मज्जाव नसतो.

मूर्ती आधी मेणाची होते. मधमाशीचे मेण, राळ आणि थोडे शेंगदाण्याचे तेल वितळवून एकजीव करतात आणि गार पाण्यात धरून मळतात. मग धड, हात, मुकुट, प्रभावळ असे एकेक अंग वेगळे घडवून तापल्या पळीने जोडतात. मापासाठी धातूची पट्टी वापरत नाहीत. मूर्तीच्या उंचीइतकी नारळीच्या झावळीची पट्टी कापून तिला ठरावीक घड्या घालतात, आणि त्या घड्यांवरून कपाळ किती, नाक किती, हनुवटीपासून गळा किती हे ठरते. मेणाची मूर्ती पुरी झाली की तिच्यावर कावेरीच्या गाळाच्या मातीचा पहिला लेप. ही माती अतिशय मऊ असते आणि दागिन्याची बारीकशी रेघही तिच्यात उमटते. त्यावर शेतातल्या मातीचा जाड थर, वर वाळूमिश्रित मातीचा आणखी एक, आणि सगळ्याला तारांचे बंधन. साचा सावलीत वाळवतात. मग तापवला की मेण वितळून वाहून जाते आणि आत पोकळी उरते. त्या पोकळीत तांब्याचे प्राधान्य असलेला वितळलेला पंचलोह ओततात. थंड झाल्यावर साचा फोडावाच लागतो. म्हणून एका साच्यातून एकच मूर्ती निघते आणि दुसरी तंतोतंत तशी होऊ शकत नाही. पूजेची मूर्ती भरीव असावी लागते. डोळे सर्वांत शेवटी उघडतात.

या विद्येशी महाराष्ट्राचाही जुना संबंध आहे. सज्जनगडावर समर्थांच्या समाधीवरील राम, लक्ष्मण, सीता यांच्या मूर्ती तंजावरहून आल्या आणि त्या एका अंध कारागिराने घडवल्या, असे समर्थ संप्रदायात सांगतात. समर्थांच्या निर्वाणाच्या थोडेच दिवस आधी त्या गडावर पोचल्या. समर्थांच्या शिष्यपरंपरेचा भीमस्वामींचा मठ तंजावरात होता. त्यामुळे दासबोध आणि मनाचे श्लोक येथील मराठी घरांत पोचायला वेळ लागला नाही.

पण धातूत घडलेली जी आकृती या विषयाला अगदी थेट भिडते ती देवाची नव्हे, एका मराठी बाईची आहे. ती स्वामीमलैची नाही. कुंभकोणमच्या दुसऱ्या अंगाला असलेल्या तिरुविडैमरुदूरची आहे. १७९८ मध्ये इंग्रजांनी अमरसिंह भोसल्यांना तंजावरच्या गादीवरून दूर केले तेव्हा ते या गावी येऊन राहिले, आणि त्यांचा लहानसा दरबार येथेच भरू लागला. त्यांच्या घराण्यातील प्रतापसिंहावर त्याच्या नात्यातल्या अम्मणी नावाच्या मुलीचे मन बसले होते. लग्न जुळावे म्हणून तिने तेथील देवळातल्या महालिंगस्वामीला लक्षदीपांचा नवस केला. लग्न झाले. नवस फेडताना तिने दिवे तर लावलेच, शिवाय स्वतःची पितळी प्रतिमा करून देवापुढे उभी केली. दोन्ही हातांत पणती धरलेली तरुण स्त्री, अंगावर दागिने, नजर समोर. तिच्यावरच्या तमिळ लेखात ही सगळी हकीकत आहे आणि १८५३ सालचा दिवसही दिला आहे. दीपलक्ष्मी दक्षिणेत पुष्कळ देवळांतून आढळतात, पण बहुतेक निनावी असतात. या बाईचे नाव, तिची इच्छा आणि ती पुरी झाल्याची तारीख, तिन्ही धातूवर कोरलेली आहेत. मराठी स्त्रीने स्वतःविषयी धातूवर मागे ठेवलेला इतका स्पष्ट लेख एकोणिसाव्या शतकातून दुसरा दाखवणे कठीण जाईल.

राजघराण्यातल्या पणज्यांची नावे टिकली ती अशीच, कोणत्या तरी टिकाऊ वस्तूला चिकटून. पहिली दीपाबाई, एकोजींची राणी. शहाजी, सरफोजी आणि तुकोजी या तिच्या तिन्ही मुलांनी पाळीपाळीने राज्य केले. तुकोजींचा मुलगा प्रतापसिंह (अम्मणीच्या नवऱ्याहून वेगळा, आधीचा) आणि त्यांचा तुळजाजी, म्हणजे दीपाबाई तुळजाजींची पणजी. १६७७ च्या कर्नाटक स्वारीत शिवाजी महाराज आणि एकोजी यांच्यात वितुष्ट आले. ते मिटले तेव्हाच्या तहात बंगळूर आणि आसपासचा मुलूख दीपाबाईंना चोळीबांगडीसाठी दिल्याचे कलम होते. दोघा भावांत समेट व्हावा म्हणून नवऱ्याची समजूत तिनेच घातली, असे बखरी सांगतात. तिच्या आश्रयाने रघुनाथ नवहस्त या पंडिताने ग्रंथरचना केली, आणि त्याचा 'भोजनकुतूहल' हा ग्रंथ त्या काळच्या खाण्यापिण्याची माहिती देणारा म्हणून आजही उघडला जातो. पुढे तिच्या नातसुनांपैकी सुजानबाईने, दुसऱ्या एकोजींच्या मृत्यूनंतर, थोडा काळ स्वतः राज्यकारभार पाहिला.

तंजावरच्या राजांनी रामेश्वरच्या वाटेवर बांधलेल्या अन्नछत्रांना स्त्रियांची नावे दिली. नीडामंगलमचे यमुनांबाळ छत्रम, ओरत्तनाडचे मुक्तांबाळ छत्रम. दुसऱ्या सरफोजींनी १८०१ मध्ये इंग्रज रेसिडेंटला पत्र लिहून ही छत्रे आपल्याकडेच राहू द्यावीत अशी विनंती केली. तीत त्यांनी छत्रांत काय काय चालते ते सविस्तर सांगितले आहे. प्रवाशांना जेवण, अनाथ मुलांचे शिक्षण, तान्ह्या मुलांना दूध, आणि वाटेत अडलेल्या गरोदर बाईची बाळंत होईपर्यंत व नंतरही देखभाल. स्त्रियांच्या नावाने चालवायच्या संस्थेत बाळंतिणीची सोय आधी व्हावी, हे फार उचित होते.

१८५५ मध्ये शेवटचे राजे शिवाजी वारले. पुत्र नव्हता. कंपनीने राज्याबरोबर त्यांची खासगी मालमत्ताही ताब्यात घेतली. थोरल्या राणी कामाक्षीबाईंनी मद्रासच्या सुप्रीम कोर्टात दावा लावला आणि तेथे त्यांच्या बाजूने निकाल लागला. लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने १८५९ मध्ये तो फिरवला. सत्तेने राज्याचे कृत्य म्हणून केलेल्या गोष्टीत न्यायालयाला पडता येत नाही, असे तेथील न्यायाधीशांनी ठरवले. हा निकाल कायद्याच्या पुस्तकांत अजूनही उद्धृत होतो आणि त्याच्या मथळ्यावर कामाक्षीबाईंचे नाव आहे. पुढे १८६२ मध्ये सरकारने खासगी मालमत्ता राण्यांना परत दिली. म्हणजे कोर्टात हरलेली बाई शेवटी रिकाम्या हाताने राहिली नाही. वाड्यातला सरस्वती महाल ग्रंथसंग्रह वाचला आणि १९१८ पासून सार्वजनिक झाला, त्याच्या मागच्या इतिहासात या बाईचा झगडाही आहे.

सामान्य घरातल्या पणजीला ना छत्रम, ना खटला. तिचे आयुष्य उभे करायचे तर काळाच्या खुणांवरूनच करावे लागते. आज पन्नाशी-साठीत असलेल्या माणसाची पणजी साधारणपणे १८७५ ते १८९५ या काळात जन्मलेली. ऋतुप्राप्तीच्या आधी लग्न, मग काही वर्षे माहेरी, आणि शहाणी झाल्यावर सासरी पाठवणी. माहेर आणि सासर बहुधा एकाच खोऱ्यात. मन्नारगुडी, तिरुवैयारू, मायवरम, कुंभकोणम. जुळवाजुळव करायची तर मराठी घरे मोजकीच, म्हणून नात्यातली लग्ने होत. मामाची मुलगी किंवा आत्याची मुलगी चाले, आणि तमिळ शेजारातल्या रीतीप्रमाणे मामानेच भाचीशी लग्न करण्याचीही उदाहरणे घडत. त्यामुळे या कुटुंबांची वंशावळ काढायला बसले की एकच बाई दोन ठिकाणी येते आणि फांद्या एकमेकींत गुंततात.

घर अग्रहारातले, म्हणजे ब्राह्मणवस्तीतले, रस्त्यावर अरुंद आणि मागे लांबच लांब. पुढे ओटा, ज्याला येथे तिण्णै म्हणतात. आत उघडा चौक, त्याभोवती पडवी, मग माजघर, स्वयंपाकघर, विहीर, आणि शेवटी परसातून नदीकडे किंवा कालव्याकडे वाट. पहाटे दारात तांदळाच्या पिठाचा कोलम, म्हणजे रांगोळी. नेसण नऊवारी. तमिळ अय्यर बाईचेही नऊवारीच, पण नेसण्याची तऱ्हा निराळी, आणि लग्नमांडवात कासोट्यावरून कोण कोणत्या घरची ते लांबून कळे. देवघरात नाचियारकोविलची समई. ते गावही कुंभकोणमजवळच, आणि पितळी समया घडवण्यासाठी प्रसिद्ध. कोंडीत वाढलेल्या या बाईच्या जिभेवर भाषा मात्र चार असत. घरात मराठी, दारावर तमिळ, पूजेत संस्कृत आणि माध्वांकडे पुरंदरदासांची कन्नड पदे. गाणे शिकली तर त्यागराजांच्या कृतींची तेलुगूही त्यात. शाळेत न गेलेल्या बाईला अशिक्षित म्हणताना एवढे ध्यानात ठेवावे.

तिच्या स्वयंपाकात दोन्ही देश एका ताटात आले. उडदाचे पीठ भाजून ताकदह्यात कालवायचे डांगर महाराष्ट्रात आता थोड्याच घरांत होते. कावेरीकाठी मात्र डांगर पचडी नावाने ते सणावारी आजही पानात पडते. पिठले, आंबट भाजी, मेतकूट, सार, पुरणाची पोळी, उक्करपेंडी. पोळी तर तमिळ मिठाईच्या दुकानात शिरली आणि तेथलीच झाली. सांबार एकोजींचे पुत्र शहाजी यांच्या मुदपाकखान्यात जन्मले अशी एक आवडती कथा आहे, पण तिला समकालीन पुरावा नाही आणि या स्त्रियांच्या कर्तबगारीला तिची गरजही नाही. दुसऱ्या सरफोजींच्या काळचे पाकशास्त्र सरस्वती महालाने छापले आहे. ज्यांना खरी कागदपत्री साक्ष हवी त्यांनी ते पाहावे. एकोणिसावे शतक संपता संपता कॉफी घरात आली, आणि पाहुण्याला तांब्याभर पाण्याबरोबर पितळी पेल्यात कॉफी देणे ही घराची प्रतिष्ठा झाली.

वर्षाचे टप्पे तिला नदी सांगत असे. आडी महिन्याच्या अठराव्या दिवशी, म्हणजे आपल्या ऑगस्टच्या सुरुवातीला, नवे पाणी आलेल्या कावेरीची ओटी भरायची. गरोदर बाईसारखे नदीचे डोहाळे पुरवायचे म्हणून चित्रान्ने घेऊन घाटावर जायचे, आणि काळे मणी व ताडपत्राची कर्णभूषणे पाण्यात सोडायची. हा सण तमिळ बायकांचा, पण नदीकाठच्या मराठी घरांनीही तो आपला मानला. चैत्रातले हळदीकुंकू, गौरी, चंपाषष्ठी हे मात्र बरोबर आणलेले. जुलै १९२४ मध्ये कावेरीला आलेला महापूर त्या पिढीतल्या प्रत्येक बाईने पाहिला. १९३४ मध्ये मेट्टूरचे धरण झाले, आणि नदीला पाणी केव्हा येणार हे आभाळाऐवजी धरणाच्या दरवाज्यांवर ठरू लागले. मोठी गणती करायची तर महामहम होते. कुंभकोणमच्या तळ्यात बारा वर्षांनी भरणारे हे पर्व. वय विचारले की ती किती महामहमे न्हाऊन झाली ते सांगत असे, अशी आठवण या भागातल्या घरांतून सांगतात. मागचे पर्व २०१६ चे, पुढचे २०२८ मध्ये.

विरंगुळा कीर्तनाचा. मोरगावकरबुवांसारख्या मराठी हरिदासांनी तंजावरात कीर्तन रुजवले आणि त्यांचे ऐकून तंजावूर कृष्ण भागवतरांनी तमिळ हरिकथेला रूप दिले. साकी, दिंडी, ओवी, अभंग हे मराठी छंद त्यामुळे तमिळ आख्यानांत गेले. कुंभकोणमजवळच्या मरुदानल्लूरच्या सद्गुरुस्वामींनी घालून दिलेल्या भजनपद्धतीतही अभंगांना जागा आहे. आज गोविंदपुरमला पंढरपूरच्या धर्तीवर मोठे विठ्ठलमंदिर उभे आहे आणि तेथे तमिळ भाषक स्त्रीपुरुष तुकोबांचे अभंग म्हणतात. ते ऐकताना पणजीच्या काळातले देवघर रस्त्यावर आल्याचा आनंद होतो.

या आयुष्याची काळी बाजू वैधव्याची. आठव्या-दहाव्या वर्षी लग्न लागले आणि नवरा गेला, तर उरलेले सगळे आयुष्य केशवपन, लाल आलवण आणि एकभुक्त. याविरुद्ध सर्वांत निग्रहाने बोलणाऱ्यांपैकी एक गृहस्थ याच गावचे आणि याच समाजाचे होते. दिवाणबहादूर आर. रघुनाथराव, जन्म कुंभकोणम, १८३१. होळकरांच्या इंदूरला दिवाणगिरी करून परतल्यावर त्यांनी मद्रास इलाख्यात विधवाविवाहाचा पक्ष धर्मशास्त्राच्याच आधाराने मांडला आणि बालविवाहाला विरोध केला. त्यांचे आप्त सर टी. माधवराव हेही १८२८ मध्ये कुंभकोणमलाच जन्मले आणि त्रावणकोर, इंदूर, बडोदे अशा तीन संस्थानांचे दिवाण झाले. माधवरावांची चरित्रे लिहिली गेली, पुतळे उभे राहिले. त्यांच्या पणजीचे नाव मात्र त्यांच्याविषयीच्या प्रचलित लेखनात कोठे भेटत नाही. एवढ्या मोठ्या घरची ही स्थिती. मुलीच्या लग्नाचे वय चौदा ठरवणारा सारडा कायदा १९२९ साली आला, तोवर या पिढीच्या स्वतःच्या बऱ्याच मुलींचीही लग्ने उरकली होती.

मग घरे पांगली. तरुण मुले इंग्रजी शिकून मद्रास, बंगळूर, हैदराबाद, मुंबईला नोकरीला गेली. १९५२ मध्ये तंजावर जिल्ह्यात कुळे आणि शेतमजूर यांना संरक्षण देणारा कायदा झाला आणि दुसऱ्याच्या श्रमावर शेती ठेवून अग्रहारात राहण्याचे दिवस संपले. शेत कसणाऱ्याच्या बाजूने पाहिले तर ते संपायलाच हवे होते. घरे विकली गेली. ओट्यांवर दुकाने आली. स्वामीमलै आणि कुंभकोणमच्या रस्त्यांवर आज मराठी ऐकायला मिळणे हा योग आहे.

तरीही पणजीचा माग पुरता पुसलेला नाही. कुंभकोणमच्या मोठ्या बाजारातील जुन्या भांड्यांच्या दुकानांत मोडीत आलेली पितळी घंगाळी, पातेली, तांबे रचलेले असतात. त्यातले एक पातेले प्रस्तुत लेखकाने हातात घेऊन पाहिले. काठाखाली ठिपक्याठिपक्यांनी तमिळ अक्षरे ठोकलेली होती, शेवटी 'बाई'. मधली अक्षरे घासून घासून गेली होती आणि तळ राखेने झिजून पातळ झाला होता. लग्नात रुखवताच्या भांड्यांवर मुलीचे नाव घालायची पद्धत दोन्ही समाजांत होती, आणि अनेक घरांत पणजीचे नाव लिहिलेली हीच एकमेव वस्तू असते. ते भांडे वजनावर विकायचे होते.

याखेरीज शोध घ्यायच्या जागा ठरलेल्या आहेत. घरच्या उपाध्यायाजवळची श्राद्धाची यादी, जिच्यात पणजीचे नाव आणि गोत्र असतेच. आईकडच्या बाजूचीही तीन नावे त्याच यादीत मिळतात, ती उतरवून घ्यावीत. नाशिक, त्र्यंबकेश्वर, पंढरपूर आणि काशी येथील तीर्थोपाध्यायांच्या वह्या. दक्षिणेतून यात्रेला गेलेल्या कुटुंबांच्या सह्या तेथे गावांच्या नावांखाली लागलेल्या असतात. घराच्या खरेदीविक्रीचे दस्त, विशेषतः विधवेने केलेले. आणि तंजावरचे मोडी कागद. सरस्वती महालात त्यांचे शेकडो रुमाल आहेत आणि त्यांतल्या बऱ्याच नोंदींची तमिळ भाषांतरे तंजावरच्या तमिळ विद्यापीठाने प्रसिद्ध केली आहेत. मोडी वाचणारी माणसे महाराष्ट्रात आहेत, कागद तेथे आहेत. दोहोंची गाठ आजच्यापेक्षा जास्त वेळा पडायला हवी.

लग्नानंतर नाव बदलले असेल तर माहेरचे नाव कोणत्याच कागदात सापडत नाही, ते फक्त माणसांकडे असते. कुंभकोणम, तंजावर, चेन्नई, बंगळूर किंवा पुणे, कोठेही घरात ऐंशीच्या पुढची मराठी बाई असेल तर तिच्यापाशी बसावे. तिच्या आजीचे माहेरचे नाव, गाव, किती भावंडे, कितव्या वर्षी लग्न, किती बाळंतपणे आणि किती मुले जगली, हे विचारून लिहून ठेवावे. कागदावर तारीख आणि सांगणारीचे नाव घालायला विसरू नये.